कोरेगाव पार्कात रेस्टॉरंट-बार काढताय? आधी जागेचा नकाशा उघडा

पहिल्या जागेचं टोकन दिलं तेव्हा आमचा मेन्यू तयार होता, शेफ ठरला होता आणि बारमागच्या भिंतीच्या टाइल्सवरून माझी नि माझ्या भागीदार मैत्रिणीची दोनदा भांडणंही झाली होती. जागेचं भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे जागा कोणत्या वापरासाठी मंजूर आहे ते सांगणारा महापालिकेचा दाखला, मात्र आम्ही पाहिलं नव्हतं. वडाच्या सावलीतला जुना बंगला होता. तळमजल्यावर आधी बुटीक चालायचं, म्हणून जागा व्यावसायिकच असणार असं आम्ही धरून चाललो. कागदावर तो तळमजला निवासी निघाला. टोकन बुडालं, दलाली गेली, तीन महिने गेले. दुसऱ्या जागेत मात्र सगळं रीतसर केलं आणि आज तिथे आमचं पंचेचाळीस खुर्च्यांचं रेस्टॉरंट आणि परमिट रूम, म्हणजे परवान्याचा बार, चालू आहे.

कोरेगाव पार्क, कल्याणीनगर, मुंढवा, बाणेर या पट्ट्यात दर महिन्याला नवी पाटी दिसते. २००९ मध्ये डूलालीने पुण्यात मायक्रोब्रुअरी सुरू केली तेव्हा ताजी बिअर ही नवलाई होती. आता लोक कॉकटेलमधल्या कोकमाच्या सरबताबद्दलही मत देतात. नवीन माणसाला वाटतं, चव आणि सजावट जमली की झालं. ते जमायलाच हवं. पण महापालिका, अग्निशमन दल, राज्य उत्पादन शुल्क विभाग हे सगळे तुमच्याकडे एकच गोष्ट मागतात : जागेचा नकाशा. त्या नकाशातल्या रेषा आणि तुमच्या भिंती जुळल्या नाहीत तर पुढचा प्रत्येक टप्पा तिथेच अडतो. म्हणून खालचा क्रम शक्यतो मोडू नका.

हे सगळं पुणे महापालिकेच्या हद्दीतल्या अनुभवावरून लिहिते आहे. मुंबईत महापालिकेचा आरोग्य परवाना ‘३९४ चा परवाना’ म्हणून ओळखला जातो, तिथली खिडकी वेगळी. गोव्यात तर दारूचा कायदाच वेगळा आहे, तेव्हा इथले नियम तिकडे लावू नका. शुल्काचे आकडे बदलत राहतात. भरायच्या दिवशी संकेतस्थळावर पाहूनच भरा.

१. टोकन देण्याआधी जागा तपासा

मालकाकडे सगळ्यात आधी मंजूर बांधकाम नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र मागा. त्यात तुमचा गाळा नेमका कोणत्या वापरासाठी दाखवला आहे ते वाचा. ‘दुकान’ लिहिलं असलं तरी तिथे उपाहारगृह चालेल का, हे वास्तुविशारदाकडून तपासून घ्या. मिळकतकराची शेवटची पावती पाहा. बिगरनिवासी आकारणी दिसली म्हणजे वापर मंजूर आहे असं मुळीच नाही. आम्ही याच पावतीवर फसलो. कर आकारणारं खातं वेगळं आणि बांधकाम परवानगी देणारं वेगळं.

मग मोकळी जागा. कोरेगाव पार्कातला सगळ्यात गोड सापळा हाच. दलाल तुम्हाला आत नेतच नाही, आधी अंगण दाखवतो. झाड, फरशी, संध्याकाळचा उजेड. ‘इथे आठ टेबलं सहज बसतील.’ ती जागा बहुतेक वेळा इमारतीची साइड मार्जिन किंवा फ्रंट मार्जिन असते, म्हणजे अग्निशमनाची गाडी फिरावी, माणसं बाहेर पडावीत म्हणून नियमाने मोकळी सोडलेली. तिथे शेड टाकून धंदा केला की एक दिवस महापालिकेची जेसीबी येते. शेजारच्या चार जणांनी तसं केलंय, हे उत्तर तिथे चालत नाही. भाडं ठरवताना अंगण शून्य धरा. आतल्या क्षेत्रफळावर हिशेब बसत नसेल तर ती जागा सोडा. गच्चीचंही हेच. रूफटॉपची मंजुरी कागदावर हातात असल्याशिवाय गच्चीचा एक रुपयाही धरू नका.

दारू द्यायची असेल तर अंतर मोजा. महापालिका हद्दीत शाळा-कॉलेज आणि धार्मिक स्थळापासून ७५ मीटरची अट आहे. कोपऱ्यावरचं छोटं देऊळ, पहिल्या मजल्यावरची बालवाडी, मागच्या गल्लीतला दर्गा, सगळं पायी फिरून टिपा. मोजणी कुठून कुठपर्यंत धरतात, कोणतं स्थळ व्याख्येत बसतं, हे राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या त्या भागातल्या निरीक्षकांना जाऊन विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत आणि आमच्या अनुभवात माणसं नीट सांगतात. जागा हमरस्त्यावर असेल तर महामार्गाचाही प्रश्न विचारून घ्या. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्रीला बंदी घातली होती. जुलै २०१७ मध्ये महापालिका हद्दीतल्या परवान्यांना त्यातून मोकळीक मिळाली, तरी शहराच्या कडेच्या, नव्याने हद्दीत आलेल्या गावांत हा मुद्दा निघतो.

शेवटची तपासणी नाकाने आणि कानाने करायची. स्वयंपाकघराचा धूर कुठून जाणार? एक्झॉस्टचा डक्ट इमारतीच्या गच्चीच्या वर न्यावा लागतो आणि तो सोसायटीच्या भिंतीवरूनच जाणार. सोसायटीची लेखी संमती नसेल तर वरच्या मजल्यावरच्या आजींच्या खिडकीत तुमचा तंदूर जाईल आणि पहिल्या आठवड्यात तक्रार होईल. त्या आजींचं काही चुकत नाही. आम्ही करारापूर्वी वरच्या चारही घरी जाऊन डक्टचा मार्ग कागदावर दाखवला होता. त्यांतल्या एका काकांनी सुचवलेला मार्ग आमच्या ठेकेदाराच्या मार्गापेक्षा सरळ निघाला.

२. करार

लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे ते बंधनकारक आहे. मुदत पाच वर्षं घ्या आणि लॉक-इन, म्हणजे ठरावीक काळ करार मोडता न येण्याची अट, शक्यतो फक्त मालकावर ठेवा. तीन गोष्टी शब्दांत लिहून घ्या. एक, मालक सर्व परवान्यांसाठी ना हरकत पत्र देईल आणि त्यात ‘परमिट रूम’ हा शब्द असेल. नुसतं ‘हॉटेल व्यवसायास हरकत नाही’ असं पत्र नंतर अपुरं पडतं. दोन, सजावटीच्या काळात भाडं नसेल किंवा निम्मं असेल. तीन, जागेच्या मंजुरीतल्या दोषामुळे परवाना नाकारला गेला तर अनामत परत मिळेल. तिसऱ्या कलमाला मालक कां-कूं करतो. जो अजिबात तयार होत नाही त्याच्या कागदांत काहीतरी आहे असं समजा.

३. एकच नकाशा

परवान्यांचं काम कळणारा वास्तुविशारद धरा आणि त्याच्याकडून एकच मोजणी-नकाशा करून घ्या : बसण्याची जागा, स्वयंपाकघर, परमिट रूम, दारूचं गोदाम, स्वच्छतागृहं, दोन्ही दरवाजे, मापांसकट. हाच नकाशा सगळ्या खात्यांना जाईल. इंटिरियरवाल्याने मध्येच काउंटर हलवायचं म्हटलं तर आधी नकाशा बदला, मग काउंटर.

आमच्याकडे तपासणीच्या वेळी निरीक्षक थेट गोदामाच्या दारापाशी थांबले. ‘ताई, हा दरवाजा नकाशात उत्तरेला आहे, इथे पश्चिमेला कसा?’ सुताराने फ्रीज बसावा म्हणून दार फिरवलं होतं आणि आमच्या लक्षातच आलं नव्हतं. दुरुस्त नकाशा देऊन पुन्हा तपासणी व्हायला अठरा दिवस लागले. त्या अठरा दिवसांचं भाडं आणि पगार चालूच होते.

४. आग

हा टप्पा उरकायचा नाही. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर मुंबईच्या कमला मिल आवारातल्या गच्चीवरच्या आगीत १४ जण गेले. डिसेंबर २०२५ मध्ये गोव्यात हडफडे इथल्या नाइटक्लबच्या आगीत २५ जण गेले. तुमच्याकडे जेवायला आलेला माणूस तुमच्या भरवशावर डोळे मिटून बसलेला असतो.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा, २००६ प्रमाणे परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा बसवून तसा दाखला, म्हणजे ‘नमुना अ’, घ्यायचा आणि नंतर दरवर्षी जानेवारी व जुलैमध्ये यंत्रणा चालू असल्याचा ‘नमुना ब’ द्यायचा. कागद तेवढाच. करायचं मात्र बरंच आहे :

- बाहेर पडायचे दोन वेगळे मार्ग. दुसऱ्या दारापाशी बिअरचे क्रेट ठेवू देऊ नका. रोज रात्री ठेवले जातात, म्हणून रोज रात्री पाहा.
- बांबू, वाळलेलं गवत, फोमचे पॅनल, कापडी छत ही छान दिसणारी सजावट आग झपाट्याने पसरवते. आम्ही छतासाठी घेतलेलं वेताचं काम परत केलं.
- १९ किलोचे व्यावसायिक सिलिंडर आत साठवू नका. पाइपचा गॅस मिळत असेल तर तोच घ्या.
- बाटलीला फुलबाजी लावून वाढदिवस करायची टूम ठाम नाकारा.
- विजेचा मंजूर भार आणि प्रत्यक्ष भार जुळवा. ओव्हन, बर्फाचं यंत्र, चार एसी धरले की जुन्या गाळ्याचा मीटर पुरत नाही.

५. अन्न परवाना

अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या (एफएसएसएआय) फॉसकॉस संकेतस्थळावर अर्ज होतो. वार्षिक उलाढाल ठरावीक मर्यादेच्या आत असेल तर नोंदणी पुरते, त्यापुढे राज्य परवाना लागतो. ही मर्यादा अर्जाच्या दिवशी संकेतस्थळावर पाहा. तुमची उलाढाल तिच्यापुढे जाणार असेल तर सरळ परवानाच घ्या. पाण्याचा तपासणी अहवाल, स्वयंपाकघराचा नकाशा, यंत्रांची यादी आणि कामगारांची वैद्यकीय प्रमाणपत्रं लागतात. दर २५ कामगारांमागे एक प्रशिक्षित अन्नसुरक्षा पर्यवेक्षक हवा. आमच्याकडे हे प्रशिक्षण मुख्य शेफऐवजी भांडारपालाने घेतलं, कारण माल आत घेताना तोच पाहतो. चौदा अंकी परवाना क्रमांक जानेवारी २०२२ पासून बिलावर छापावा लागतो. बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये पहिल्याच दिवशी टाकून घ्या.

६. दारूचा परवाना

परमिट रूमचा परवाना म्हणजे एफएल-३. फक्त बिअर आणि वाइन द्यायची असेल तर ‘ई’ नमुन्यातला परवाना असतो, त्याचं शुल्क बरंच कमी. अर्ज राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या अधीक्षक कार्यालयामार्फत जातो आणि परवाना जिल्हाधिकारी देतात. शुल्क गावाच्या लोकसंख्येवर ठरतं, त्यामुळे पुण्यात ते वरच्या टप्प्यात येतं आणि काही लाखांत जातं. परवान्याचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. फेब्रुवारीत परवाना हातात आला तर पुढच्या महिन्यात नूतनीकरण उभं राहतं, हे मनात ठेवून अर्जाची वेळ साधा.

माझं स्पष्ट मत सांगते. पहिले सहा महिने फक्त जेवणावर चालवा. स्वयंपाकघर बसतं, माणसं बसतात, शेजारी ओळखीचे होतात आणि अर्जाची चौकशी येते तेव्हा चालतं उपाहारगृह दिसतं. ज्यांना इतकं थांबणं परवडत नाही त्यांनी निदान बिअर-वाइनने सुरुवात करावी. पहिल्या दिवसापासून पन्नास व्हिस्क्यांचा साठा केला की भांडवल कपाटात अडकतं.

पुढच्या सापळ्यांकडे नीट लक्ष द्या.

दुसऱ्याचा परवाना चालवायला घेणं. ‘परवाना माझ्या नावावर राहू द्या, महिन्याला अमुक द्या’ असं सांगणारे भेटतील. विभागाच्या परवानगीशिवाय परवाना असा दुसऱ्याच्या हाती देता येत नाही. उद्या त्याने नूतनीकरण केलं नाही तर तुमची गुंतवणूक त्याच्या मुठीत. परवाना विकत घ्यायचाच असेल तर हस्तांतरण, आणि जागा बदलत असेल तर स्थलांतर, दोन्ही रीतसर मंजूर करून घ्या. मागची थकबाकी आणि नियमभंगाची प्रकरणं आधी तपासा, ती परवान्याबरोबर येतात.

मंजूर क्षेत्राबाहेर देणं. परमिट रूम नकाशात जिथे आहे तिथेच दारू द्यायची. पाहुणा म्हणाला म्हणून ग्लास अंगणात गेला की नियम मोडला.

माल कुठूनही आणणं. शनिवारी रात्री एखादा ब्रँड संपला की समोरच्या वाइन शॉपमधून बाटली आणायचा मोह होतो. परवानाधारक ठोक विक्रेत्याकडून, वाहतूक पासासकट आलेला मालच नोंदवहीत चढतो. ब्रँडनिहाय नोंदवही रोज लिहा. कपाटातल्या बाटल्या आणि वहीतला आकडा जुळला पाहिजे, उघडलेल्या बाटलीसकट. ३० आणि ६० मिलीची मापं वैधमापन शास्त्र विभागाचा शिक्का असलेलीच वापरा. बारमधल्या माणसांचे नोकरनामे, म्हणजे बारमध्ये काम करायची विभागाची परवानगी, वेळेत करा, नवा बारटेंडर आला की त्याच आठवड्यात.

पिणाऱ्याचं वय. महाराष्ट्रात बिअर-वाइनला २१ आणि बाकी दारूला २५ पूर्ण लागतात. शिवाय पिणाऱ्याकडे परवाना हवा, म्हणून एकदिवसीय परवान्यांचं पुस्तक बारमध्ये ठेवतात. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरात भरधाव पोर्शेने दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांना उडवलं. गाडी चालवणारा सतरा वर्षांचा होता आणि त्याआधी त्याला बारमध्ये दारू मिळाली होती. आपल्याच वस्तीतली गोष्ट आहे ही. त्यानंतर मी दारातल्या माणसाला एकच सांगितलं : ओळखपत्र नाही तर दारू नाही, मग तो कोणाचाही मुलगा असो. वीस जणांचं टेबल उठून गेलं तरी चालेल. दोनदा गेलंही. गाडी चालवत आलेल्यांसाठी ड्रायव्हर मिळवून द्यायची सोय काउंटरवर ठेवा.

७. कर

जेवणावर ५ टक्के जीएसटी, पण खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट नाही. भाडं, सजावट, यंत्रं यांवरचा कर हा तुमचा थेट खर्च आहे. ठेकेदाराचं दरपत्रक करासकटच वाचा. दारू जीएसटीत येत नाही, तिच्यावर राज्याचा व्हॅट लागतो. परमिट रूममधल्या दारूवरचा हा व्हॅट १ नोव्हेंबर २०२३ पासून ५ वरून १० टक्के झाला. जुलै २०२५ मध्ये याच आणि इतर वाढींविरुद्ध राज्यभरातल्या बारमालकांनी एक दिवस बंद पाळला होता. बिलात जेवण आणि दारू वेगळी दाखवा. दारू देणाऱ्या रेस्टॉरंटला कंपोझिशन, म्हणजे छोट्या व्यावसायिकांसाठीची सोपी जीएसटी योजना, मिळत नाही.

सेवा शुल्क आपोआप लावू नका. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची जुलै २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये कायम ठेवली. ग्राहक हा मुद्दा आता तोंडपाठ सांगतात.

८. पाटी, संगीत, शेजार

नाव ठरवण्याआधी हे वाचा. राज्याच्या २०२२ च्या दुरुस्तीप्रमाणे पाटी मराठीत, देवनागरीत हवी आणि तिची अक्षरं इतर भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान नकोत. दारू मिळणाऱ्या आस्थापनेला थोर व्यक्तींचं किंवा गडकिल्ल्यांचं नाव देता येत नाही. एका ओळखीच्यांनी किल्ल्याच्या नावाने छापलेले मेन्यू, कोस्टर, गणवेश सगळं रद्दीत घातलं. मराठी अक्षरं नीट रेखणाऱ्या कलाकाराकडून काढून घ्या. आमच्या पाटीचे फोटो लोक जेवणापेक्षा जास्त काढतात आणि मला त्याचा फार आनंद होतो. पाटी लावण्यासाठी महापालिकेच्या आकाशचिन्ह व परवाना विभागाची मंजुरी घ्या.

मोबाइलवरून गाणी लावली तरी ती व्यावसायिक वापरात धरली जातात. ध्वनिमुद्रणाचे आणि गीत-संगीताचे हक्क वेगळे असतात, त्यासाठी पीपीएल आणि आयपीआरएस या हक्कांचे परवाने देणाऱ्या संस्थांशी आधी बोलून घ्या. प्रत्यक्ष गायन-वादन ठेवणार असाल तर पोलीस परवाना वेगळा.

रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. ४५ म्हणजे फार कमी. साधं आवाज मोजायचं यंत्र घ्या आणि शेजारच्या कुंपणापाशी उभं राहून मोजा. हुक्का बारवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, कोणी ‘हर्बल’ म्हणून हुक्का आणला तरी आत घेऊ नका.

९. कागदांची फाइल

- मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, मिळकतकर पावती
- नोंदणीकृत करार, मालक आणि सोसायटीचं ना हरकत पत्र
- भागीदारी पत्र किंवा कंपनीची कागदपत्रं, पॅन, आधार, फोटो
- वास्तुविशारदाचा मोजणी-नकाशा, सही-शिक्क्याच्या आठ-दहा प्रती
- अग्निशमन ना हरकत दाखला, नमुना अ
- अन्न परवाना, पाणी अहवाल, वैद्यकीय प्रमाणपत्रं
- जीएसटी आणि व्हॅट नोंदणी, दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंदणी
- कामगार दहा झाले की ईएसआयसी (कामगार राज्य विमा), वीस झाले की भविष्य निर्वाह निधी
- पोलीस ना हरकत आणि चारित्र्य पडताळणी

परवान्यांची कामं करून देणारा एजंट घ्यायला हरकत नाही, आम्हीही घेतला. पण प्रत्येक संकेतस्थळावर मोबाइल क्रमांक आणि ईमेल तुमचाच द्या. एजंट स्वतःचा क्रमांक टाकतो, दोन वर्षांनी तो फोन उचलत नाही आणि नूतनीकरणाचा ओटीपी त्याच्याकडे जातो. सरकारी शुल्काचं चलन तुमच्या खात्यातून, तुमच्या नावाने भरा. त्याची फी वेगळी, पावतीने.

१०. दार उघडल्यावर

पहिला आठवडा उद्घाटन नको. रोज निम्म्या टेबलांवर ओळखीच्यांना बोलवा, पैसे घ्या आणि मेन्यू अर्धाच ठेवा. त्या आठवड्यात आम्हाला कळलं की स्वयंपाकघरातून बारकडे जाणारा रस्ता आणि भांडी धुवायला जाणारा रस्ता एकमेकांना छेदतात. टेबल क्रमांक सहा काढून टाकलं आणि वाढपी मुलांची धडक थांबली.

परमिट रूम रात्री दीडला बंद म्हणजे दीडला बाटल्या कुलपात. शेवटची ऑर्डर एकला घ्या आणि ते टेबलावर आधीच सांगा. कोरडे दिवस वर्षाच्या सुरुवातीलाच भिंतीवर लिहा. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर पाठ असतात. आषाढी-कार्तिकी एकादशी, अनंत चतुर्दशी आणि जिल्हाधिकाऱ्यांचे स्थानिक आदेश विसरले जातात. निवडणुकीत मतदान संपण्याआधीचे ४८ तास बंद. अशा दिवशी आम्ही फक्त जेवण ठेवतो आणि आजूबाजूची कुटुंबं मुलांना घेऊन येतात.

आमच्या काउंटरच्या आतल्या बाजूला खडूने एक तक्ता लिहिलेला आहे. जानेवारी आणि जुलै : नमुना ब. मार्च : दारू परवाना नूतनीकरण, पैसे फेब्रुवारीपासून बाजूला. दर वर्षी : वैद्यकीय तपासण्या. मुदत संपण्याआधी : मापांवरचा शिक्का. दर महिन्याची दहा तारीख : डक्टची सफाई, कारण त्यात साठलेलं तेल पेट घेतं. रोज रात्री, शटर ओढण्याआधी : दुसरं दार उघडून पाहणे.